नकार द्यायला लागणारा वेळ

मित्रहो, विकेंद्रित नेटवर्कचा, म्हणजे एका केंद्राशिवाय अनेकांच्या संगणकांवर चालणाऱ्या यंत्रणेचा, मालक कोण असं विचारलं, की ‘कोणीच नाही’ हे उत्तर लगेच मिळतं. मग माझा पुढचा प्रश्न असतो: घराला मालक नाही, ठीक आहे, पण कुलूप बिघडलं तर ते बदलतं कोण?

बिटकॉइनवर ही वेळ फार लवकर आली. एकूण नाणी 2 कोटी 10 लाखांच्या वर जाणार नाहीत, हा तिथला मूळ करार. 15 ऑगस्ट 2010 रोजी 74,638 क्रमांकाच्या ब्लॉकमध्ये (व्यवहारांच्या नोंदींच्या एका गठ्ठ्यात) एका व्यवहाराने सुमारे 18,400 कोटी नाणी तयार केली. बेरीज तपासणाऱ्या कोडमध्ये चूक होती. काही तासांतच दुरुस्त आवृत्ती आली, लोकांनी ती चालवायला घेतली आणि तो ब्लॉक मागे पडला. मतदान झालं नाही, सभाही झाली नाही. तरीही कुणी याला हुकूमशाही म्हटलं नाही. का? कारण नवा नियम कुणी आणलाच नव्हता, सगळ्यांनी आधीच मान्य केलेला नियम परत जागेवर बसवला होता. आणीबाणीचे अधिकार कुणाला द्यायचेच असतील, तर त्यांची हद्द एवढीच असावी: मोडलेलं पूर्ववत करणं. नव्याने काही मांडायचं असेल, तर त्याने रांगेत उभं राहावं.

रांग म्हणजे वेळ. अशा नेटवर्कच्या नियमावल्यांचे मसुदे वाचताना मला हीच गोष्ट खटकते. कोरम किती, बहुमत किती टक्के, यावर पानंच्या पानं असतात. निर्णय झाल्यापासून तो अंमलात येईपर्यंत किती दिवस जातील, यावर जेमतेम एक ओळ. माझ्या मते महत्त्व उलट हवं.

2016 मध्ये इथेरियम या दुसऱ्या नेटवर्कवरच्या ‘द डाओ’ या सामायिक निधीतून 17 जूनला सुमारे 36 लाख इथर (तिथली नाणी) काढून घेतले गेले. पण त्या निधीच्याच करारातल्या एका कलमामुळे ते इथर घेणाऱ्याला जवळजवळ महिनाभर हलवता येणार नव्हते. त्या महिन्याने नेटवर्कला वाद घालायला उसंत दिली. लोक कडाकडा भांडले आणि 20 जुलैला हार्ड फोर्क करून, म्हणजे जुन्या सॉफ्टवेअरला मान्य नसलेला बदल लागू करून, पैसे परत वळवले गेले. ज्यांना इतिहास बदलणं मान्य नव्हतं, ते जुन्याच साखळीवर (ब्लॉकांच्या मूळ नोंदवहीवर) राहिले. तीच इथेरियम क्लासिक. निर्णय बरोबर होता का, यावर आजही दोन मतं आहेत. माझं विचाराल तर मी दोन्ही बाजूंनी बोललो आहे, तेव्हा मला फार धरू नका.

आता दुसरं टोक. एप्रिल 2022, बीनस्टॉक नावाचा प्रोटोकॉल, म्हणजे कोडमधल्या नियमांवर चालणारी पैशांची योजना. दोन तृतीयांश मतं मिळाली की प्रस्ताव एका दिवसात तातडीने अंमलात आणता येईल, अशी तिथे सोय होती. एकाने आदल्या दिवशी प्रस्ताव टाकून ठेवला. दुसऱ्या दिवशी त्याच व्यवहारापुरतं प्रचंड कर्ज उचललं, त्यातून मतं मिळवली, ठराव संमत केला, निधी उपसला आणि कर्ज फेडून टाकलं. सुमारे 18 कोटी डॉलरचं नुकसान झालं. गंमत अशी, की नियमांच्या अक्षराला कुठेच धक्का लागला नाही. मताचं वजन मतदानाच्या क्षणी हातात असलेल्या टोकनांवर (डिजिटल नाण्यांवर) ठरत असेल, तर मत भाड्याने मिळतं. ते प्रस्ताव येण्याआधीच्या शिल्लकीवर ठरवा, म्हणजे निदान हा दरवाजा बंद होतो.

आणि टोकन कुणाचं, हाही प्रश्न आहेच. मार्च 2020 मध्ये स्टीम या नेटवर्कवर काही मोठ्या एक्स्चेंजनी, म्हणजे नाण्यांची खरेदी-विक्री करून देणाऱ्या कंपन्यांनी, ग्राहकांच्या ठेवीतली टोकनं वापरून नेटवर्कचे निवडलेले ब्लॉक-निर्माते बदलून टाकले. ज्यांची टोकनं होती त्यांना कुणी विचारलंही नव्हतं. अर्थात, त्याआधी तिथल्या जुन्या मंडळींनी स्टीममागची कंपनी विकत घेणाऱ्याची टोकनं गोठवली होती, तेव्हा धुतल्या तांदळासारखं कुणीच नव्हतं. ‘समुदायाने ठरवलं’ हे वाक्य ऐकलं की मी आधी त्या समुदायाची डोकी मोजतो.

मोजणी कशी फसते, ते 2017 ने दाखवलं. त्या मे महिन्यात 50 हून अधिक कंपन्या आणि मायनिंगची, म्हणजे नवे ब्लॉक तयार करण्याची, बहुसंख्य ताकद एकत्र आली. बिटकॉइनचा ब्लॉक मोठा करायचा, हे ठरलं, सह्या झाल्या. कागदावर सामना संपला होता. पण स्वतःचा नोड (प्रत्येक ब्लॉक नियमांनुसार तपासणारा संगणक) चालवणाऱ्या पुष्कळ लोकांनी ते सॉफ्टवेअर घेतलंच नाही. त्यांच्या नोडना तो मोठा ब्लॉक चुकीचा वाटणार होता आणि ते तो टाकून देणार होते, बस. 8 नोव्हेंबरला पुरस्कर्त्यांनीच बेत मागे घेतला. मताने जे थांबलं नसतं ते नकाराने थांबलं, आणि नकार द्यायला सहा महिने मिळाले म्हणून थांबलं. म्हणूनच नोड चालवणं साध्या यंत्रावर परवडलं पाहिजे, हे मी तांत्रिक कलम मानत नाही. माझ्यासाठी तो मताधिकार आहे.

नकार देणाऱ्याला शेवटी वेगळंही होता आलं पाहिजे, आणि तेही अंगाला काही न लागता. इथेरियमची फाळणी झाली तेव्हा ही सोय नव्हती. एका साखळीवर सही केलेला व्यवहार कुणीही उचलून दुसऱ्या साखळीवर जसाच्या तसा चालवू शकत होता. एकीकडे पैसे पाठवले, की दुसरीकडचेही निघून जायचे, आणि काहींचे गेलेही. सहीतच साखळीचा क्रमांक घालण्याची दुरुस्ती इथेरियमवर त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आली, फाळणीनंतर चार महिन्यांनी. 1 ऑगस्ट 2017 रोजी बिटकॉइनपासून बिटकॉइन कॅश वेगळं झालं, तेव्हा मात्र त्यांनी सहीची पद्धत पहिल्याच दिवसापासून वेगळी ठेवली होती. दोन्ही बाजूंची भांडणं पुढे कितीतरी वर्षं चालली. पण एका साखळीवरचा व्यवहार दुसरीकडे आपोआप चालला, अशी तक्रार त्या भांडणात नव्हती.