पाहुण्यांना साताऱ्याचे पाणी दाखवू या

श्रोतेहो, नमस्कार. जपानमधील हिकोने या गावचे माझे एक स्नेही आपल्या पत्नीसह गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस साताऱ्यास आले होते. हिकोने हे बिवा सरोवराकाठचे, 1622 साली पूर्ण झालेला किल्ला निगुतीने जपणारे गाव. त्यामुळे अजिंक्यताऱ्यावरून शहर न्याहाळताना त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो हा, की एवढ्या राजधानीला पाणी कोठून मिळत असे?

किल्ल्याची हकीकत मी सांगितलीच होती. शिलाहार भोजराजाने बांधलेला हा गड औरंगजेबाच्या वेढ्याला किल्लेदार प्रयागजी प्रभूंच्या हिमतीवर महिनोन्‌महिने दाद देत नव्हता. एप्रिल 1700 मध्ये मोगलांनी तटाखाली पेरलेल्या सुरुंगांपैकी एक त्यांच्याच सैन्यावर उलटला आणि शेकडो माणसे ढिगाऱ्याखाली गाडली गेली. त्यानंतर काही दिवसांतच गड पडला, तरी पुढे तो मराठ्यांनी परत घेतला आणि 1708 साली येथेच शाहू महाराजांचा राज्याभिषेक झाला.

परंतु पाहुण्यांच्या प्रश्नाचे उत्तर गडावर नव्हते. गडावरची तळी शिबंदीपुरती. पायथ्याशी शाहूनगर वाढू लागले, तेव्हा यवतेश्वराच्या डोंगरातले पाणी उतारावरून शहरात आणावे लागले. म्हणून दुसऱ्या दिवशी मी त्यांना राजवाड्यावरून निघून महादऱ्याचे तळे दाखवले आणि यवतेश्वराचा घाट चढून कासला नेले. कासचा तलाव इंग्रजी अमदानीतला. तो शहराहून उंचावर असल्यामुळे त्याचे पाणी कोणत्याही पंपाशिवाय, केवळ उताराच्या बळावर, साताऱ्यापर्यंत येत असे, आणि पूर्वी ते उघड्या पाटाने येई. हिकोनेत सरोवर गावाच्या पायाशी आहे, आपले मात्र डोक्यावर, हे त्या दोघांच्या तेथे चटकन ध्यानात आले. सप्टेंबरची फुले पाहायला येणारी मंडळी तलावाकडे ओझरती नजर टाकून परततात, याचे मला मनापासून वाईट वाटते. कासचे पठार 2012 पासून जागतिक वारशात आहे खरे, पण साताऱ्याचे जगणे या तलावावर उभे राहिले आहे.

परतल्यावर लिंबची बारा मोटांची विहीर पाहिली. 1719 ते 1724 या काळात वीरूबाई भोसले यांनी बांधवून घेतलेल्या या अष्टकोनी विहिरीवर एकाच वेळी बारा मोटा चालत, आणि तिच्या पोटातच कोरीव खांबांचा लहानसा महाल आहे. तेथे आम्ही सर्वांत जास्त वेळ रमलो.

माझी नगरपालिकेला आणि शाळांना कळकळीची विनंती आहे, की महादऱ्याच्या तळ्याकाठी या पाण्याच्या वाटेचा नकाशा असलेला एक फलक मराठीत आणि इंग्रजीत लावावा. जिल्ह्यातल्या मुलांनीही तो वाचून एकदा तरी कासपर्यंत चालत जावे.