पास आऊट

नमस्कार श्रोतेहो. ‘मी २०१८ चा पास आऊट’, ‘पास आऊट होऊन दोन वर्षं झाली’ ही वाक्यं आपल्या रोजच्या बोलण्यातली. पण लंडन किंवा शिकागोच्या माणसाला ती ऐकवलीत तर तो काळजीत पडेल. तिकडे साध्या बोलण्यात पास आऊट होणं म्हणजे घेरी येऊन पडणं, शुद्ध हरपणं.

मग आपलं चुकतं का? मला तसं अजिबात वाटत नाही. प्रशिक्षण पुरं करून बाहेर पडणाऱ्या तुकडीसाठी ब्रिटिश लष्करात हेच क्रियापद वापरतात. आपल्या खडकवासल्याच्या एनडीएत खेत्रपाल मैदानावर होते तीही पासिंग आऊट परेडच. मे २०२५ मध्ये याच परेडमधून पहिल्यांदा १७ मुली बाहेर पडल्या. आणि बघा, ‘मी फर्ग्युसनमधून बाहेर पडलो’ असं मराठीत आपण सहज म्हणतोच! त्यामुळे हा इंग्रजी प्रयोग आपल्या जिभेवर इतका चपखल बसला, असं मला वाटतं.

परेडच्या मैदानावर दुसरा अर्थही प्रत्यक्षात येतो. जून २०२३ मध्ये लंडनला ‘ट्रूपिंग द कलर’ या राजाच्या वाढदिवसाच्या लष्करी संचलनाच्या तालमीत, भर उन्हात, अस्वलाच्या कातड्याच्या उंच टोप्या घातलेले काही सैनिक भोवळ येऊन कोसळले. उन्हात ताटकळत, न हलता उभं राहिलं की रक्त पायांत साचतं, मेंदूला कमी पडतं आणि माणूस पडतो. तेही पास आऊट झाले, असंच इंग्रजी म्हणतं.

तिसरा अर्थ वाटण्याचा. ‘द टीचर पास्ड आऊट द पेपर्स’ म्हणजे बाईंनी पेपर वाटले. इथे कर्माकडे लक्ष ठेवा. पेपर, खाऊ असं काही कर्म असेल तर वाटणं; कर्मच नसेल तर बहुधा बेशुद्ध पडणं. कर्म मधेही येतं: ‘पास द पेपर्स आऊट’. सर्वनाम असेल तर ते मधेच घालावं लागतं: ‘पास देम आऊट’.

नोकरीच्या जाहिरातीत ‘२०२४ पासआऊट्स’ असं नाम दिसतं, ते मात्र आपल्याकडचं. इथल्या कंपनीला अर्ज करताना ते खुशाल चालेल. परदेशी विद्यापीठाला लिहिताना मात्र ‘आय ग्रॅज्युएटेड इन २०२४’ असं लिहा.