तबेल्यातील जळमटे आणि घोड्याचा श्वास

श्रोतेहो, नमस्कार.

लीद उचललेली, जमीन झाडलेली आणि पाण्याची बादली घासून भरलेली असली, की तबेला स्वच्छ झाला असे आपण समजतो. पण त्याच तबेल्यात मान वर करून पाहावे, तर तुळईपासून वाशापर्यंत करड्या सुतळीसारखी जळमटे लोंबत असतात. त्यातले एक हलकेच बोटावर घ्यावे. कोळ्याचा धागा त्यात नावालाच सापडतो, बाकी सारा गवताचा भुसा, घोड्याचे केस आणि पिठासारखी बारीक धूळ असते. वाऱ्याच्या झुळकीसरशी हीच धूळ खाली गव्हाणीत उतरते.

माणसाचे नाक चोंदले तर तो तोंडाने श्वास घेतो. घोड्याला ती सोय नाही. त्याच्या घशाची रचनाच अशी आहे की तो केवळ नाकाने श्वास घेतो आणि चरताना तेच नाक तासन्‌तास चाऱ्यात खुपसलेले असते. धूळ आणि चाऱ्यावरची बुरशी यांमुळे त्याला खोकला लागतो आणि पुढे दम्यासारखा चिवट विकार जडू शकतो. दुसरी भीती आगीची आहे. दिव्याजवळ किंवा उघड्या तारेजवळ ठिणगी पडली, की वाळके जळमट क्षणात पेटते आणि त्याचे जळते तुकडे खालच्या पेंढ्यावर पडतात. म्हणून वेळ थोडा असेल, तर आधी दिव्यांभोवतीची आणि पंख्यांवरची जळमटे काढावीत, मात्र वीज बंद करूनच.

जळमटांत माश्या अडकतात, म्हणून ती राहू द्यावीत, असे काही जण मनापासून सांगतात. मला ते पटत नाही. धुळीने माखलेल्या जाळ्याचा चिकटपणा गेलेला असतो. माश्यांचा बंदोबस्त लिदीपाशी करावा, कारण उबदार हवेत लिदीत घातलेल्या अंड्यापासून घरमाशी होण्यास साधारण 7 ते 10 दिवस पुरतात. लीद रोज उचलून तबेल्यापासून दूर नेली, तर हे चक्र मध्येच तुटते.

मुताने भिजलेला पेंढा मात्र वरून कोरडा दिसतो आणि फसवतो. सकाळी दार उघडताच ठाणात गुडघ्यांवर बसून पाहावे. उभ्याने न जाणवलेला अमोनियाचा उग्र वास तिथे नाकाडोळ्यांना झोंबतो. आडवा झालेला घोडा त्याच हवेत श्वास घेतो आणि शिंगराचे नाक तर नेहमीच जमिनीजवळ असते. ओला भाग तळापर्यंत उकरून काढावा, जमीन वाळू द्यावी आणि मगच नवा पेंढा अंथरावा. सततच्या ओलीने खुरांचा तळही कुजू लागतो.

जळमटे काढण्याच्या दिवशी घोडे बाहेर बांधावेत आणि चारा-पाणी हलवावे किंवा झाकावे. लांब दांड्याला ओलसर फडके गुंडाळून आढ्यापासून खाली यावे, म्हणजे धूळ उडण्याऐवजी फडक्याला चिकटते. झाडण्यापूर्वी जमिनीवर पाण्याचा हलका शिपका मारावा. काम संपल्यावर दारे-खिडक्या सताड उघड्या ठेवून किमान तासभर थांबावे आणि आत येणाऱ्या उन्हाच्या तिरिपीकडे पाहावे. तिच्यात अजून कण तरंगताना दिसत असतील, तर घोड्याला आणखी थोडा वेळ बाहेरच राहू द्यावे.