सैंधवावर आलात, मग आयोडीन कुठून?

नमस्कार मंडळी! गेल्या चातुर्मासात उपासासाठी म्हणून आमच्या घरी सैंधवाचा डबा ओट्यावर आला, तो दिवाळी उलटली तरी तिथेच. वरणात सैंधव, कोशिंबिरीत सैंधव. इथे बडोद्यात ओळखीच्या दोन-तीन घरांतही हेच दिसलं, तेव्हा वाटलं, बोलायलाच हवं.

सैंधव वाईट नाही. पण गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीला काम करायला आयोडीन लागतं, आणि सैंधवात ते नावापुरतंच असतं. आणि समुद्राच्या खडे मिठातही तसंच! देशातलं सर्वात जास्त मीठ आपल्या गुजरातेत पिकतं, म्हणून आपण धरून चालतो की समुद्राचं मीठ म्हणजे आयोडीन आलंच. तसं नसतं. पाकिटातल्या मिठात ते वेगळं मिसळावं लागतं. आपल्या हातात येईपर्यंत एका ग्रॅममध्ये निदान 15 मायक्रोग्रॅम उरलं पाहिजे, असा नियम आहे.

मोठ्या माणसाला रोज लागतं 150 मायक्रोग्रॅम. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला 250.

शाकाहारी घरात पहिला आधार दूध, दही, ताक. मात्र गाई-म्हशी काय खातात यावर त्यातलं प्रमाण ठरतं. एका अंड्यात साधारण 25 मायक्रोग्रॅम, तेही बहुतेक पिवळ्या बलकात, म्हणून बलक टाकू नका. मासे खाणाऱ्या सीकेपी मंडळींना सोपं आहे, पण मासळी समुद्राची हवी. नदीच्या माशांत बरंच कमी असतं.

भाज्यांचं काय? मातीत असेल तेवढंच भाजीत उतरतं, आणि पावसापुरात मातीतलं आयोडीन वाहून जातं. हिमालयाच्या पायथ्याशी गलगंड, म्हणजे थायरॉइड वाढून गळ्याला येणारी सूज, घरोघरी दिसायचा तो यामुळेच. हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात 1956 पासून वैद्यकीय संशोधक डॉ. रामलिंगस्वामींनी लोकांना आयोडीनचं मीठ देऊन पाहिलं आणि गलगंड खरोखर घटला.

समुद्री शेवाळाच्या गोळ्या मनाने घेऊ नका. त्यांत आयोडीन प्रचंड असू शकतं, आणि जास्तीनेही थायरॉइड बिघडतो.

मला विचाराल तर, मासे-अंडी नसलेल्या घरात नुसत्या दुधावर रोज 150 गाठणं कठीण आहे. आम्ही आता उपासाला सैंधव आणि रोजच्या स्वयंपाकाला आयोडीनचं मीठ, तेही मोजून, असं ठरवलंय. डबा घट्ट झाकणाचा, गॅसपासून लांब, आणि मीठ शक्यतो भाजी शिजल्यावर, म्हणजे आयोडीन उडून जात नाही.

आणि घरात कुणी गरोदर असेल, तर सैंधवाचा प्रयोग तिच्या ताटात नकोच. सुरुवातीच्या महिन्यांत पोटातल्या बाळाचा मेंदू आईच्याच थायरॉइडवर वाढत असतो. पुढच्या तपासणीला जाल तेव्हा घरात कुठलं मीठ वापरता, ते डॉक्टरांना आपणहून सांगा.