झर्मॅट ते सेंट मॉरिट्झ : आठ तास की दोन दिवस?

श्रोतेहो, नमस्कार.

स्वित्झर्लंडला जाऊन आलेल्या मराठी माणसाला विचारा, काय काय पाहिलंत? उत्तर जवळजवळ पाठ असतं. टिटलिस, युंगफ्राउ, ऱ्हाइनचा धबधबा, आणि निघताना चॉकलेटची खरेदी. त्यात वाईट काही नाही. पण हल्ली सहल कंपनीचा हात न धरता स्वतः बेत आखून जाणारी मंडळी वाढली आहेत. त्यांतले बरेच जण पहिला प्रश्न हाच विचारतात की ग्लेशियर एक्स्प्रेसचं, म्हणजे झर्मॅट ते सेंट मॉरिट्झ धावणाऱ्या त्या काचेच्या छताच्या गाडीचं, आरक्षण कधी करायचं? आज आपण त्याच्या आधीचा प्रश्न घेऊ. करायचंच का?

आधी मार्ग समजून घेऊ. पश्चिमेला झर्मॅट, मॅटरहॉर्नच्या पायथ्याचं गाव. गावात मोटारींना बंदी आहे, त्यामुळे तिथे बहुतेक सगळे रेल्वेनेच येतात. पूर्वेला एंगाडिन खोऱ्यातलं सेंट मॉरिट्झ. १९२८ आणि १९४८ अशी दोन हिवाळी ऑलिंपिक याच गावात झाली. या दोन गावांच्या मध्ये २९१ किलोमीटर मीटरगेज, ९१ बोगदे आणि योगायोगाने पूलही २९१च. एक्स्प्रेसला हे अंतर कापायला आठ तास लागतात. हिशेब केलात तर ताशी छत्तीस-सदतीस किलोमीटर पडतात. आपली पुणे-मुंबई मार्गावरची कुठलीही गाडी हिला सहज मागे टाकेल.

ही वाट कुणी एकाने, एका वेळी आखलेली नाही. फिस्प ते झर्मॅट हा तुकडा १८९१चा. पूर्वेचा, थुसिसहून सेंट मॉरिट्झकडे जाणारा आल्बुला मार्ग १९०३-०४चा. मधला ब्रिग ते डिसेंटिस हा सगळ्यांत अवघड भाग रखडत रखडत १९२६ साली पुरा झाला. तरीही ब्रिग आणि फिस्प यांच्यामधला थोडा तुकडा राहिलाच होता. तो १९३०च्या जूनमध्ये जोडला गेला आणि त्याच महिन्याच्या २५ तारखेला पहिली ग्लेशियर एक्स्प्रेस धावली. म्हणजे रूळ वेगवेगळ्या कंपन्यांचे आणि वरून धावणारं नाव एक. आजही डिसेंटिसच्या पश्चिमेला मॅटरहॉर्न-गोटहार्ड रेल्वे आहे आणि पूर्वेला ऱ्हेटियन रेल्वे. एक्स्प्रेसचं इंजिन डिसेंटिसला बदलतं.

आता ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण सगळा बेत हिच्यावर उभा आहे. याच रुळांवरून, त्याच बोगद्यांतून, त्याच पुलांवरून दिवसभर साध्या गाड्या धावतात. गावोगावी थांबणाऱ्या, शाळकरी पोरांना, दूधवाल्यांना, बर्फावर घसरायला निघालेल्यांना घेऊन जाणाऱ्या. बहुतेक टप्प्यांवर तासाला एक. त्यांना आरक्षण लागत नाही. एक्स्प्रेसला मात्र ते सक्तीचं आहे आणि त्याचे पैसे तिकिटाहून वेगळे. दर बदलत असतात, तेव्हा अंदाजच सांगतो. दुसऱ्या वर्गाचं पूर्ण तिकीट दीडशे फ्रँकच्या वर, आणि उन्हाळ्यातलं आरक्षण पन्नासच्या आसपास. तुमच्याकडे स्विस ट्रॅव्हल पास, म्हणजे ठरावीक दिवस देशभर फिरायचा पर्यटकांचा पास, असेल तर तिकीट त्यात येतं, आरक्षण येत नाही. साध्या गाडीला पास दाखवला की झालं. आई किंवा वडिलांकडे पास असेल तर सहा ते पंधरा वर्षांच्या मुलांचा प्रवास फुकट, फक्त पास घेतानाच फॅमिली कार्ड मागून घ्यायचं. चौकोनी कुटुंबाला आरक्षणाच्या पैशांत वाटेवरच्या अँडरमॅट गावी एका रात्रीच्या मुक्कामाचा बराचसा खर्च निघतो.

आणि माझं म्हणणं नेमकं हेच आहे. ती रात्र घ्या. झर्मॅट ते सेंट मॉरिट्झ हा दोन दिवसांचा प्रवास करा.

आठ तास काचेच्या छताखाली बसून डोंगर बघणं ऐकायला सुरेख वाटतं. पण सहाव्या तासाला डोळे मिटायला लागतात, आणि या मार्गाचा सगळ्यांत सुंदर भाग, तो आल्बुलाचा, नेमका सहाव्या तासानंतर येतो. झर्मॅटहून निघालेला माणूस तिथे पोचेपर्यंत जेवून सुस्तावलेला असतो. शिवाय त्या मोठमोठ्या खिडक्या उघडत नाहीत. फोटोत डोंगराबरोबर शेजारच्या काकांचा लाल स्वेटरही येतो. साध्या गाड्यांच्या काही डब्यांत अजून खिडकी खाली सरकवता येते. वळणावर हात काचेबाहेर न काढता नुसता कॅमेरा कडेला टेकवला तरी पुढचं इंजिन आणि मागचे डबे एका चौकटीत मावतात.

तर पहिला दिवस. झर्मॅटहून सकाळी निघा. गाडी मॅटर खोऱ्यातून उतरत तासाभरात फिस्पला येते. वाटेत डाव्या हाताला डोंगराची एक प्रचंड उघडी जखम दिसेल आणि तिच्या पायथ्याशी करड्या दगडांचा ढीग. १९९१च्या एप्रिल-मे महिन्यांत इथला कडा दोनदा कोसळला, रूळ आणि रस्ता दोन्ही गाडले गेले. आज गाडी जाते ती त्यानंतर नव्याने घातलेल्या रुळांवरून. फिस्पला किंवा ब्रिगला गाडी बदलायची. बदलायला मिळणारी मिनिटं पाच-सात असतात, ती बघून घाबरू नका. वेळापत्रकच तसं बसवलेलं असतं. १९८२पासून तिथे देशभर ठरावीक अंतराने गाड्या सुटतात आणि एकमेकींची सांगड घालून सुटतात. चुकलीच तर तासाभराने त्याच मिनिटाला पुढची येते. म्हणून तर म्हणतो, एका गाडीला जखडून घेऊ नका.

ब्रिगनंतर ऱ्होन नदीच्या उगमाकडे चढत जाणारं गोम्स खोरं लागतं. उन्हाने काळी पडलेली लाकडी घरं, दगडी चकत्यांवर उभी केलेली धान्याची कोठारं. त्या चकत्या उंदरांसाठी, म्हणजे उंदीर वर चढू नयेत म्हणून. मग ओबरवाल्ड येतं आणि गाडी फुर्काच्या बोगद्यात शिरते. पंधरा किलोमीटरहून जास्त लांब, १९८२ साली खुला झालेला. त्याआधी गाडी वरच्या खिंडीतून जायची, आणि हिवाळाभर तो मार्ग बंद असायचा. बोगद्यामुळे गाडी बारमाही झाली, पण एक गंमतही झाली. ज्या ऱ्होन हिमनदीवरून ग्लेशियर एक्स्प्रेस हे नाव पडलं, ती हिमनदी त्या वर्षापासून गाडीतून दिसेनाशीच झाली. नाव मात्र राहिलं.

ज्यांना जुनी वाट हवी, त्यांच्यासाठी सोय आहे. ओबरवाल्ड ते रेआल्प हा टाकून दिलेला घाट हौशी स्वयंसेवकांनी पुन्हा उभा केला. तिथे उन्हाळ्यात ठरावीक दिवशी वाफेची गाडी चालते. तिची काही इंजिनं मूळची याच मार्गावरची. ती मधल्या काळात व्हिएतनामला विकली गेली होती, १९९०मध्ये या मंडळींनी ती परत आणली. वाटेत श्टेफेनबाखचा पूल आहे, तो हिमलोटात वाहून जाऊ नये म्हणून दर शरदात घडी करून ठेवतात आणि उन्हाळ्याआधी पुन्हा उघडतात. लोखंडी पूल, घडी करून! या गाडीचं तिकीट वेगळं काढावं लागतं. तारखा जुळत असतील तर पहिला दिवस याच गाडीभोवती आखा, बाकीचं मागून बसवता येईल.

मुक्काम अँडरमॅटला. उंची १,४३५ मीटर. उन्हाळ्यातही रात्री स्वेटर लागतो.

दुसरा दिवस चढानेच सुरू होतो. अँडरमॅटच्या स्थानकातून निघालेली गाडी गावाच्या डोक्यावर वळसे घेत दहाएक किलोमीटरमध्ये सहाशे मीटर उंच चढते आणि ओबरआल्पच्या खिंडीत पोचते. २,०३३ मीटर, साऱ्या मार्गावरचा सर्वांत उंच बिंदू. आपल्या बोरघाटात चढ आहे ३७ला १, आणि तेवढ्यासाठी कर्जतला गाडीच्या मागे बँकर इंजिनं लावावी लागतात. इथे काही ठिकाणी चढ ९ला १ आहे. तो चढायला रुळांच्या मधोमध दातेरी पट्टी आहे आणि इंजिनाखालचं दातेरी चाक तिच्यात अडकवून गाडी वर सरकते. ही पद्धत आपल्याकडे निलगिरीत मेट्टुपालयम ते कुन्नूर मार्गावर आहे. तिथली वाफेची जुनी इंजिनंही स्वित्झर्लंडमधल्या विंटरटूरच्या कारखान्यात घडलेली. उटीला जाताना तो खडखडाट ऐकला असेल तर ओबरआल्पला तो लगेच ओळखू येईल.

खिंडीत उतरा. एक तास तिथे घालवा. समुद्रापासून इतक्या दूर, दोन हजार मीटरवर तुम्हाला एक लाल दीपस्तंभ दिसेल. ऱ्हाइन नदीचा उगम जवळच्याच डोंगरात आहे, आणि ती जिथे समुद्राला मिळते त्या हॉलंडच्या किनाऱ्यावरच्या दीपस्तंभाची ही छोटी प्रतिकृती. पुढची गाडी घेऊन डिसेंटिसला या, तिथला बेनेडिक्टाइन मठ गाडीतूनच दिसतो. इथून स्थानकांवरच्या पाट्यांवर रोमान्श भाषा दिसू लागते. मग ऱ्हाइनची घळ. सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी फ्लिम्सजवळ डोंगर ढासळला आणि त्या ढिगाऱ्यातून नदीने वाट कोरली. पांढरे, उभे, ठिसूळ कडे, आणि त्यांच्या पायथ्याशी नदीला लागून रूळ. रस्ता या घळीत नाही.

लोक नेहमी विचारतात, खिडकी डावी घ्यायची की उजवी? या मार्गावर त्याला पक्कं उत्तर नाही. घळीनंतर एक्स्प्रेस कूर शहराच्या स्थानकात शिरते आणि उलट्या दिशेने बाहेर पडते. सकाळपासून उजवीकडे बसलेले आता डावीकडे होतात. साध्या गाड्यांनी जाणाऱ्याने कूरला उतरून जेवून घ्यावं आणि सेंट मॉरिट्झच्या गाडीत उजवीकडची जागा पकडावी. पुढे येणारा लांडवासरचा प्रसिद्ध पूल त्या बाजूने चांगला दिसतो. जेवणाचं म्हणाल तर, शाकाहारी माणसाने फार शोधाशोध करू नये. कोऑप किंवा मिग्रो या दुकानांतून पाव, चीज, फळं, दही घ्यावं. घरची चटणी सोबत असली की भागतं. रविवारी गावातली दुकानं बंद असतात, मोठ्या स्थानकांतली उघडी असतात.

कूरहून सेंट मॉरिट्झ दोन तास. याच दोन तासांसाठी मी एवढं बोलतो आहे. थुसिसपासून पुढचा हा आल्बुला मार्ग २००८ साली जागतिक वारसा यादीत गेला. फिलिझूरच्या अलीकडे लांडवासरचा पूल येतो, ६५ मीटर उंच, १४२ मीटर लांब, सहा कमानींचा, आणि सबंध वळणावर. त्याचं दुसरं टोक सरळ कड्याच्या पोटातल्या बोगद्यात शिरतं. गाडीतून तो दिसतो ते काही सेकंद. नीट पाहायचा तर फिलिझूरला उतरा आणि पायवाटेने पुलाखाली चालत जा.

पण एकाच ठिकाणी उतरायला वेळ असेल तर मी प्रेडाची शिफारस करीन. बेर्ग्युन आणि प्रेडा या दोन खेड्यांत सरळ अंतर साडेपाच-सहा किलोमीटर आहे, आणि उंचीतला फरक चारशे मीटरहून जास्त. इथे दातेरी पट्टी घातलेली नाही. इंजिनिअरांनी डोंगराच्या पोटात गोल वळसा घेणारे बोगदे काढले, दरीवरून पुन्हा पुन्हा पूल टाकले आणि लांबी दुप्पट करून चढ २९ला १वर आणून बसवला. गाडीत बसलं की नुसती दिशाभूल होते. बेर्ग्युनचं चर्च एकदा डावीकडे दिसतं, एकदा उजवीकडे, मग खाली. म्हणून प्रेडाला उतरावं आणि रुळांच्या सोबतीने आखलेल्या पायवाटेने बेर्ग्युनपर्यंत खाली चालत यावं. दोन-अडीच तास लागतात. तीच गाडी एकदा तुमच्या डोक्यावरून जाते, थोड्या वेळाने पायाखालून. मुलं सोबत असतील तर ती पुढची गाडी कुठून निघणार यावर पैजा लावतात. बेर्ग्युनला रेल्वेचं संग्रहालयही आहे. हिवाळ्यात हीच उतरण घसरगाडीची वाट होते, लोक गाडीने वर जातात आणि घसरत खाली येतात.

एक बारीक सूचना. छोट्या स्थानकांवर गाडी मागणीनुसारच थांबते. उतरायचं असेल तर दाराजवळचं बटण आधी दाबा, चढायचं असेल तर फलाटावरचं.

आता एक्स्प्रेसच्या बाजूने. आजी-आजोबा बरोबर असतील, गुडघे कुरकुरत असतील, तीन मोठ्या बॅगा असतील, तर गाड्या बदलण्याच्या फंदात पडू नका. जेवण जागेवर येतं, सामान चढवलं की आठ तास चिंता नाही. अशांनी एक्स्प्रेस घ्यावी आणि आनंदाने घ्यावी. फक्त शक्य असेल तर उलट दिशेने, सेंट मॉरिट्झहून झर्मॅटकडे. म्हणजे आल्बुला पहिल्याच दोन तासांत, ताज्या डोळ्यांनी. उन्हाळ्यासाठी आरक्षण साधारण तीन महिने आधी सुटतं, तेव्हाच करा. ऑक्टोबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत ही गाडी बंद असते. पुष्कळांची दिवाळीची सुट्टी नेमकी त्यात येते. साध्या गाड्या मात्र चालू असतात, आणि ऑक्टोबरच्या मध्याला एंगाडिनमधले लार्चचे वृक्ष पिवळेधमक झालेले असतात. हिवाळ्यात दिवस लहान, पाच वाजता अंधार, त्यामुळे तेव्हा निघायचं ते पहाटेच.

तारखा ठरवताना आधी पास बघा. तो लागोपाठच्या तीन, चार, सहा, आठ किंवा पंधरा दिवसांचा मिळतो. महिनाभरात सुटे दिवस निवडायचे असतील तर त्याचा फ्लेक्स प्रकार घ्या. झर्मॅटला दोन दिवस नुसतं हिंडणार असाल तर हाच सोयीचा, ते दोन दिवस पासातून खर्च होत नाहीत. बॅगा स्थानकावर देऊन पुढच्या गावी मागवता येतात, त्याचे पैसे वेगळे आणि बॅग पोचायला एक-दोन दिवस लागतात. म्हणजे झर्मॅटला बॅग दिलीत तर अँडरमॅटच्या रात्रीचे कपडे पाठीवरच्या पिशवीत ठेवायला विसरू नका.

नमस्कार.