उचललेल्या गाडीचा आस

[पहाट. बीडबाहेर, धुळे–सोलापूर महामार्गालगतचं पत्र्याचं गॅरेज. शटर वर जातं.]

पावसाळ्यात ज्यानं पाणंद रस्त्यावर गाडी घातली आहे, त्याला मराठवाड्याची काळी माती समजावून सांगावी लागत नाही. दोन खोल चाकोऱ्या पडलेल्या असतात, मधला उंचवटा गाडीच्या पोटाला लागतो, आणि चिखल असा धरतो की चाक फिरतं पण गाडी हलत नाही. म्हणून इथले काही हौशी आणि काही गरजू लोक गाडी उचलून घेतात. उंच स्प्रिंग, लांब शॉकअप, मोठे टायर. गाडी रुबाबात उभी राहते आणि काम झालं असं वाटतं.

आज इथे जीप रँग्लर आली आहे. २०२१ पासून ही गाडी पुण्याजवळ रांजणगावला जुळवली जाते. हिला पुढे आणि मागे अखंड आस आहे, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा एकसंध तुकडा. प्रत्येक आसाला चार दांडे चासीशी बांधून ठेवतात, दोन वरचे, दोन खालचे. हेच कंट्रोल आर्म. आस डावी-उजवीकडे सरकू नये म्हणून पाचवा आडवा दांडा असतो, ट्रॅक बार.

मालकांनी अडीच इंचांची लिफ्ट बसवली, दांडे मात्र कंपनीचेच ठेवले. आता ऐंशीच्या वेगाला खालून घुमल्यासारखा आवाज येतो. वळण घेतल्यावर स्टीअरिंग आपसूक मागे फिरत नाही.

[जमिनीवर खडूनं काढलेली आकृती.]

कंट्रोल आर्मची लांबी ठरलेली असते. त्याचं एक टोक चासीला आणि दुसरं आसाला. चासी वर गेली की दांडा खाली कलतो, आणि कलताना कंपासासारखा गोल फिरतो. पुढचा आस त्यामुळे मागे ओढला जातो आणि मागचा पुढे.

समजा दांडा ५०० मिलिमीटर लांब आहे आणि आधी अगदी सपाट होता. गाडी ६४ मिलिमीटर उचलली, तर आस जेमतेम ४ मिलिमीटर सरकेल. पण तोच दांडा आधीपासून ६० मिलिमीटर उतरता असेल, तर तेवढ्याच लिफ्टला आस १२ मिलिमीटर सरकतो. लिफ्ट तीच, सरकणं तिप्पट. म्हणून दुसऱ्याच्या गाडीचं माप आपल्या गाडीला लावून चालत नाही.

सरकण्यापेक्षाही मोठी अडचण म्हणजे आस स्वतःभोवती थोडा फिरतो. पुढच्या चाकाचा वळण्याचा अक्ष वरून मागे झुकलेला असतो. तो जमिनीला जिथे भेटतो, त्याच्या थोडं मागे टायर टेकतो, म्हणून चाक मागोमाग येतं आणि सरळ होऊ पाहतं. या झुकावाला कॅस्टर म्हणतात. अशा गाड्यांना तो साधारण ४ ते ६ अंश लागतो. लिफ्टनं तो घटला की स्टीअरिंग हलकं आणि भरकटणारं होतं.

[उस्ताद पारदर्शक नळीत पाणी भरतात.]

उस्ताद गाडीला हात लावण्याआधी फरशी तपासतात. गवंडी वापरतात तीच पाण्याची नळी. जमीन सपाट नसेल तर कोनाच्या मापाला अर्थ नाही. मग चाकांच्या मध्यातून ओळंबा सोडून खडूची खूण, आणि डाव्या-उजव्या बाजूचं पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर. ते दोन-तीन मिलिमीटरच्या आत जुळलं पाहिजे, नाहीतर आस तिरका बसला आहे.

हे सगळं मी इतक्या बारकाईनं बघत होतो, त्याला कारण आहे. माझ्या आधीच्या गाडीला लिफ्ट बसवली तेव्हा बसवणाऱ्यानं एकही कोन मोजला नाही, आणि मीही विचारलं नाही. मांजरसुंब्याच्या घाटात शाफ्टचा क्रॉस तुटला, म्हणजे आसापर्यंत ताकद नेणाऱ्या फिरत्या दांड्याचा सांधा. सोबत आई होती. तेव्हापासून कोनमापक मी गाडीतच ठेवतो.

[नवा, आट्यांचा दांडा. दोन नट, एक मोठा पाना.]

लांबी कमी-जास्त करता येणारा दांडा म्हणजे आटे पाडलेली नळी आणि तिच्यावर चेक नट, म्हणजे ठरवलेली लांबी हलू नये म्हणून आवळायचा नट. आधी खालचे दांडे लावून आस पुढे-मागे जागेवर आणायचा. मग वरच्या दांड्यांनी तो फिरवायचा. पुढे वरचा दांडा आखूड केला की कॅस्टर वाढतो. मागे वरचा दांडा लांब केला की डिफरन्शियलचं नाक, म्हणजे शाफ्ट जिथे जोडला जातो ते तोंड, वर उठतं.

मोठा पेच पुढच्या आसात आहे. कॅस्टर आणि नाक एकाच हौसिंगवर, म्हणजे आसाच्या एकाच कवचावर. कॅस्टर वाढवला की नाक खाली झुकतं आणि शाफ्टचा कोन वाढतो. दोन्ही मनासारखं मिळत नाही. मला विचाराल तर शाफ्टचा क्रॉस आणि सांध्यावरचा रबरी बूट वाचेल इतपतच कॅस्टर वाढवावा, हाव करू नये.

मागच्या शाफ्टचं गणित वेगळं. दोन्ही टोकांना एकेक क्रॉस असेल, तर दोन्हीकडचे कोन सारखे हवेत. क्रॉस कोनात फिरताना प्रत्येक फेऱ्यात दोनदा वेग घेतो आणि दोनदा मंदावतो, ते दुसरा क्रॉस भरून काढतो. कोन जुळला नाही की गाडी घुमते. ट्रान्सफर केसकडे, म्हणजे पुढच्या-मागच्या आसांत ताकद वाटणाऱ्या गिअरच्या डब्याकडे, दुहेरी क्रॉस असेल, तर नाक सरळ शाफ्टच्या रेषेत धरायचं आणि एक-दोन अंश खाली ठेवायचं, कारण जोर लागला की ते वर उठतं.

[सहायक बोल्ट घालतो आहे.]

"उस्ताद, थोडा अडकायलाय. हातोडा देऊ का?"

"आरं, नको. हातानं गेला पाहिजे. जात नाही म्हणजे लांबी चुकली."

डाव्या दांड्याला अर्धा फेरा दिला. बोल्ट बोटानं आत गेला.

बोल्ट मात्र अजून आवळायचे नाहीत. दांड्यांच्या टोकांतले बुश रबरी असतील तर गाडी चाकांवर उभी करून, तिच्या पूर्ण वजनाखाली पक्के करायचे. आस लटकत असताना आवळले, तर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. इतके महागडे दांडे याच एका चुकीनं बदनाम होतात.

दांडे झाले की ट्रॅक बार नीट करून आस मधोमध आणला, मग टो, म्हणजे पुढची चाकं आत-बाहेर किती वळलेली आहेत ते, आणि स्टीअरिंगचा मध्य. आणि एक सांगायलाच हवं. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नं गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर बंधन आहे, आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये ते स्पष्ट केलं आहे. पैसे घालण्याआधी आरटीओत विचारा.

[महामार्ग. दुपार.]

ऐंशीला घुमणं थांबलं. वळणानंतर मालकांनी हात सैल केले, तसं स्टीअरिंग हळूच मधोमध आलं. ते काही बोलले नाहीत, फक्त पुन्हा एकदा करून बघितलं.

परतल्यावर उस्तादांनी प्रत्येक दांड्यावर आणि त्याच्या चेक नटांवर मिळून पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढली. नट जरा जरी फिरला तर रेघ तुटलेली दिसेल. "दोनशे किलोमीटर चालवा आणि या," ते म्हणाले.

[आठवड्यानंतर. गाडीखाली टॉर्च.]

आठही रेघा अखंड आहेत.