पंधरा तासांचा पिस्टन

(सोलापुरातल्या एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत झालेलं भाषण. ध्वनिमुद्रणावरून उतरवून थोडं साफसूफ केलं आहे.)

अध्यक्षसाहेब आणि मंडळी, नमस्कार.

पत्रिकेवर माझ्या नावाखाली 'बोअरिंग व्यावसायिक' असं छापलंय. छापणाऱ्यानं मुद्दाम केलं की चुकून, कोण जाणे. पण आगाऊ सूचना मिळालेली आहे, नंतर तक्रार चालणार नाही. ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगतो. इंजिनाचा ब्लॉक आतून घासला की तो आमच्या लेथवर येतो. आम्ही तो कापून पुन्हा गोल करतो आणि एक साइज मोठा पिस्टन बसवून देतो. मेकॅनिकला लोक गाडीचा डॉक्टर म्हणतात. आमच्याकडं येतं ते डॉक्टरच्या हातून गेलेलं, तेव्हा आम्ही पोस्टमॉर्टेमवाले.

विषय दिलाय 'मोटोक्रॉसच्या गाड्या किती भरवशाच्या, आणि त्यात कंपन्यांच्या रेसिंग टीमचा वाटा काय'. मोटोक्रॉस म्हणजे मातीच्या ट्रॅकवर उड्या मारत होणारी मोटारसायकलची शर्यत. हा विषय मीच मागून घेतला. समिती 'वाहनाची निगा' म्हणत होती. म्हटलं, त्याला माझी बायकोसुद्धा येणार नाही. (पहिल्या रांगेतून : "आलेय की!") आली बघा, विषय बदलला म्हणून आली.

तर दुकानात पोरं येतात, मोबाइल पुढं धरतात. "काका, हे बघा, गाडी दोन मजले उडाली, खाली आदळली, तशीच पळाली. आणि माझी गाडी सात रस्ता चौकातल्या स्पीडब्रेकरवर खडखड करते. आपल्याला असलं मजबूत का देत नाहीत?" हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय, की त्याचं उत्तर एकदा माइकवरून द्यावं असं मनात होतं.

आपण सोलापूरची माणसं. टिकणं म्हणजे काय ते आपण चादरीवरून शिकलो. आजीच्या लग्नात आलेली चादर नातवाच्या अंगावर असते, तिचा मोर थोडा फिका पडतो, एवढंच. त्या हिशेबानं मोटोक्रॉसची गाडी बघायला गेलं तर डोकं फिरेल. तिला किलोमीटरचं मीटरच नसतं. तासाचं मीटर बसवतात, आपल्या जनरेटरला असतं तसं. चारशे पन्नास सीसीच्या चार-स्ट्रोक मोटोक्रॉस गाडीचं मॅन्युअल मी वाचलंय. एअर फिल्टर प्रत्येक शर्यतीनंतर साफ. पिस्टन आणि रिंगा साधारण पंधरा तासांनी नव्या. पंधरा तास! इथून पुणं अडीचशे किलोमीटर, पाच तास धरा. जाऊन-येऊन दहा. परत एकदा गेलात की पिस्टन पुण्यातच बदलायचा आणि मग नातेवाइकांकडं जेवायला जायचं.

आणि हे नुसतं दुकानात मिळणाऱ्या गाडीचं. कंपनीच्या टीमची गाडी शर्यत झाली की उघडतात. पंधरा तासांची वाट कोण बघतंय? तिची एक फेरी म्हणजे तीस मिनिटं आणि वर दोन चकरा, दिवसात अशा दोन फेऱ्या. तेवढं पळालं म्हणजे टिकलं. ती गाडी फार टिकते म्हणून मोडत नाही असं नाही, तिला जुनी होऊच देत नाहीत. पोराला हे सांगितलं की तो नाराज होतो. त्याला वाटतं काका टाळतायत.

आता हा पिस्टन. रुमालात आणलाय. रांगेनं फिरवा, हाताला काळं लागेल, साडीवाल्यांनी जपून. हा यामाहाच्या आरएक्स हंड्रेडचा आहे, टू-स्ट्रोक गाडी, १९९४चा, माझ्या स्वतःच्या गाडीतला. याची गोष्ट दोन मिनिटांत सांगतो. (हशा) बरं, पाच.

त्या वर्षी मे महिन्यात शहराबाहेरच्या एका माळावर पोरांनी शर्यत ठेवली होती. ट्रॅक्टरनं वाट पाडलेली, मुरमाचे चार ढिगारे, झाला ट्रॅक. धूळ बसावी म्हणून पाण्याचा टँकर येणार होता. सोलापुरात 'टँकर येणार आहे' या वाक्यावर विश्वास ठेवणारा एक तर नवा जावई असतो नाहीतर आयोजक. टँकर आला नाही. मे महिन्यातला माळ म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. पायाखाली पीठ. एक गाडी गेली की मागच्याला पुढचा दिसत नाही, नुसता आवाज.

माझा आतेभाऊ माझा मेकॅनिक. त्याचं वय अठरा, माझं वीस. दोघांचं मिळून अडतीस, अक्कल मात्र तेवढी भरत नव्हती. शर्यतीसाठी आम्ही इंजिनात नवा पिस्टन टाकला. पिस्टन पिनेला दोन बाजूंनी दोन लॉक असतात, तारेच्या बारीक रिंगा, पिन सरकू नये म्हणून. पिस्टनच्या डबीत ती लॉकं निघाली नाहीत. मी काउंटरवर परत गेलो. काउंटरवरचे काका म्हणाले, "जुनीच टाका की, काय होतंय." वास्तविक एकदा काढलेलं लॉक पुन्हा टाकत नाहीत, त्याचा ताण गेलेला असतो. पण काकांनी सांगितलं, आम्ही टाकलं. त्यात आतेभावानं शेवटच्या क्षणी एअर फिल्टर काढून ठेवला. म्हणाला, गाडी मोकळा श्वास घेईल. मोकळा श्वास! त्या माळावर आम्ही माणसं तोंडाला रुमाल बांधून उभी होतो.

पहिली चकर झकास. दुसऱ्या चकरेत तिसऱ्या नंबरवर होतो, हे घरच्यांनी एवढ्यांदा ऐकलंय की बायको आत्ता ओठ हलवतेय बघा. तिसऱ्या चकरेत ओढ कमी झाली, आवाज बदलला, जणू कुणी आत जात्यावर ज्वारी घातली. मग मागचं चाक एकदम धरलं. क्लच दाबेपर्यंत मी हँडलवरून पलीकडं. होटगी रोडनं गाडी ढकलत आलो, भर दुपारी दोन वाजता. आतेभाऊ पुढं चालत होता. फिल्टर त्याच्या हातात होता. कोरा करकरीत.

दुसऱ्या दिवशी एका मिस्त्रीकडं हेड खोललं, ब्लॉक उपसला. पिस्टन हातात आला तर एका बाजूला लॉक नाही! पुरावा सापडला. ते निसटलं, त्यानंच घात केला. मी डबी घेऊन काउंटरवर. काय भांडलो! दोन वर्षं भांडलो. त्या दुकानावरून जाताना सायकल थांबवून भांडायचो. काका शांतपणे वॉशर मोजत बसायचे.

पुढं मी या धंद्यात पडलो. चार-पाच वर्षांत शेकडो मेलेले पिस्टन हातावरून गेले. एका दिवाळीत साफसफाई करताना हा डबीतून निघाला. आणि पहिल्यांदा नीट बघितला. मंडळी, पिस्टन काढायचा तर पिन काढावी लागते, आणि पिन काढायला एक लॉक काढावंच लागतं. ते त्या मिस्त्रीनं काढून टाकून दिलं होतं. चालत्या इंजिनात लॉक निसटलं असतं तर पिनेच्या भोकाशेजारी खोल चर पडला असता. ज्यांच्या हातात आत्ता पिस्टन आहे त्यांनी बघा, भोकाशेजारी गुळगुळीत आहे. आता फिरवून कार्बोरेटरची बाजू बघा. उभ्या रेघा आहेत, नख फिरवलं की अडकतं. ती धूळ. टू-स्ट्रोकला पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी खाली क्रँकमध्ये जातं, मग वर येतं. धुळीला बेअरिंगपासून रिंगेपर्यंत सगळं घर फिरून दाखवलं आम्ही. वॉल्व्ह बसवायला आम्ही ग्राइंडिंग पेस्ट विकत आणतो. म्हणजे काय असतं? तेलकट मलमात खरखरीत भुकटी. ऑइल आणि माळावरची धूळ मिळून तीच पेस्ट आत फुकट तयार झाली होती.

म्हणजे दोन वर्षं मी एका निर्दोष लॉकवरून भांडत होतो. मी पिस्टन घेऊन काकांकडं गेलो. म्हटलं, काका, चूक माझी होती. काकांनी चष्मा वर केला आणि विचारलं, "मग नवीन पिस्टन देऊ का?"

(चिठ्ठी आली.) अध्यक्ष म्हणतायत दहा मिनिटं राहिली. विषय अजून सुरू व्हायचाय. होईल, होईल.

तर माझं म्हणणं काय? कंपनीची टीम म्हणजे वही. २०२४च्या जानेवारीत पुण्याला बालेवाडीत सुपरक्रॉस लीगची, म्हणजे स्टेडियमात माती टाकून होणाऱ्या मोटोक्रॉसची, शर्यत झाली, मी तिकीट काढून गेलो. सगळे उड्या बघत होते, मी पिटच्या, म्हणजे गाड्या खोलायच्या जागेच्या, कठड्याला चिकटून होतो. एक पोरगा गाडी स्टँडवर घेऊन आधी तासाचं मीटर वाचायचा, वहीत लिहायचा आणि मगच पान्याला हात लावायचा. कुठला भाग कधी टाकला, किती तास चालला, काढला तेव्हा कसा दिसत होता. कंपनीच्या टीमकडं पैसा असतो, टायटॅनियम असतं, चाचणीला वेगळा रायडर असतो, सगळं खरं. पण ती वही नसती, तर तेही माझ्यासारखे दोन वर्षं लॉकवरून भांडले असते. का मोडलं, हे ज्याला बरोबर कळलं, त्याच्याच पुढच्या गाडीत सुधारणा होते.

आता खरा प्रश्न. ती वही तुमच्या-आमच्या गाडीपर्यंत पोचते का? भरभर सांगतो.

सत्तरच्या दशकात सहसा पोचत नव्हती. सुझुकीच्या टीमवर जोएल रोबर्ट १९७० ते ७२ सलग तीनदा २५० सीसीचा जगज्जेता झाला. रॉजर डी कोस्टर ५०० सीसीत पाच वेळा. त्या गाड्या हातानं बनवलेल्या, इतक्या हलक्या की पुढं किमान वजनाचा नियम आणावा लागला. आणि त्याच सुमाराला गिऱ्हाइकाला मिळाली सुझुकीचीच टीएम ४००. तिची ताकद एकदम अंगावर यायची आणि वळणावर ती कुठं जाईल याचा नेम नसायचा. त्या बदनामीत ती आजतागायत प्रसिद्ध आहे. नाव एकच, पण जिंकणाऱ्या गाडीशी तिचं नातं पत्रिकेवरच्या 'आपले स्नेहांकित'एवढं.

पोचल्याचंही उदाहरण आहे. बेल्जियमचे एक प्राध्यापक, ल्युसियन टिल्किन्स. प्राध्यापकांनी टाळी वाजवायला हरकत नाही. मागं दोन शॉकॲबऐवजी एकच लांब शॉकॲब, ही त्यांची कल्पना. यामाहानं घेतली, १९७३ला हॉकन अँडरसन तिच्यावर जगज्जेता झाला, मग ती विक्रीच्या गाडीत उतरली. आज बाहेर पार्किंगमध्ये बघा, निम्म्या गाड्यांना मोनोशॉक आहे. आपल्याकडं यामाहाच्याच २००८च्या एफझीनं तो घरोघरी नेला.

अमेरिकेनं १९८६ला नियमच केला. शर्यतीतली गाडी दुकानातल्या गाडीवरूनच बनली पाहिजे, फ्रेम आणि इंजिनाचं केसिंग तेच. माझ्या मते भरवशाच्या बाबतीत याहून मोठं काम कुठल्याही इंजिनिअरनं केलं नाही. टीमच्या गाडीची फ्रेम तडकली तर विकायच्या गाडीची फ्रेम सुधारण्यावाचून कंपनीला गत्यंतर उरलं नाही. जागतिक स्पर्धेत खास बनवलेल्या गाड्यांना अजून वाव आहे. बघायला सुंदर असतात, आपल्या काय कामाच्या?

पण हीच वही उलटीही फिरते, हे मला जास्त खुपतं. १९९७ला लास वेगासच्या सुपरक्रॉसमध्ये डग हेन्रीनं यामाहाची चारशेची चार-स्ट्रोक गाडी जिंकवली. ती त्या नियमातून खास सवलत घेऊन उतरवलेली प्रायोगिक गाडी. पुढच्या वर्षी वायझेड ४००एफ म्हणून ती विकायला आली आणि हेन्रीनं मोकळ्या मैदानातल्या उन्हाळी मालिकेचं विजेतेपदही घेतलं. मग सगळे चार-स्ट्रोककडं पळाले. टीमला काय, शर्यत झाली की उघडायचंच आहे. पण घरच्या पोराचं काय? टू-स्ट्रोकचा पिस्टन तो अंगणात पोत्यावर बसून बदलायचा. यात वॉल्व्ह आले, चेन आली, टायमिंग आलं. पातळ टायटॅनियमचे वॉल्व्ह आले, धूळ गेली की आपल्या बैठकीत, म्हणजे वॉल्व्ह-सीटमध्ये, रुतत जातात, टॅपेटची फट मिटते, गाडी किक घेत नाही. आणि मोडलं की बिल असं येतं की पोरगा बापापासून लपवतो. जिंकली टीम, भरतोय गिऱ्हाईक. टू-स्ट्रोक गेल्या म्हणून माझं बोअरिंगचं काम कमी झालं, त्याचा हा राग आहे असं आतेभाऊ म्हणतो. असेलही थोडा.

(घंटा.) हो, हो. आपल्या देशाचं दोन वाक्यांत. टीव्हीएसनं १९८२ला रेसिंग टीम काढली, तेव्हापासून आपल्याकडं एक वही भरतेय. डकार रॅलीत २०२४ला हिरोच्या टीमचा रॉस ब्रँच दुसरा आला, केरळचा हरिथ नोआ अकरावा. तिथं हिशेब वेगळा. दोन आठवडे वाळवंट, आणि इंजिन बदललं की वेळेचा दंड, म्हणजे टिकवावंच लागतं. आपल्या चादरीच्या जातीची शर्यत ती. त्यावर स्वतंत्र भाषण द्यायला मी तयार आहे, समितीनं बघावं. केटीएमच्या ड्यूक चाकणला बनतात, त्यावर बोलणार होतो, राहिलं.

प्रश्न विचारायला वेळ नाही म्हणतात, मी बाहेर चहाजवळ उभा आहे. गाडी दाखवायची असेल तर आधी किती तास चाललीय ते सांगा, किलोमीटर नको. आणि पिस्टन कुठवर गेला? शेवटच्या रांगेत? नाही? अहो, त्याला एका बाजूचं लॉक अजून आहे, पडलं असेल तर सतरंजीवर बघा. आतेभाऊ, दाराशी उभा राहा जरा.